डावीकडे ओढणारी स्विफ्ट आणि एमआयडीसीतले मिस्त्री

सातारा एमआयडीसीत एक पत्र्याची शेड आहे. पाटीचा रंग उडालाय, त्यामुळे गॅरेजचं नाव मला अजून माहीत नाही. सगळे नुसतं 'मिस्त्रींकडं' म्हणतात. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते शेवटी सांगते.

माझी स्विफ्ट व्हीएक्सआय, 2018 ची. रोज सातारा ते कराड, बँकेत. टायर गुळगुळीत झाले म्हणून चारही नवे टाकले, 165/80 आर 14, अलाइनमेंट-बॅलन्सिंगसकट वीस हजारांच्या आसपास. दुसऱ्याच दिवशी हायवेला लागले आणि कळलं, गाडी डावीकडे ओढतेय. स्टेअरिंग जरा सैल सोडलं की ट्रकवाल्यांच्या लेनमधून थेट कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे. कराडला पोचेपर्यंत उजवा खांदा भरून आला.

ज्यांनी टायर बसवले त्यांच्याकडे तीनदा गेले. तिन्ही वेळा गाडी मशीनवर, तिन्ही वेळा हिरव्या आकड्यांचा कागद हातात. "मॅडम, सगळं हिरवं आहे. रस्त्याला उतार असतो." दुसऱ्या खेपेला त्यांनी काय फिरवलं देव जाणे, गाडी ओढायची ती ओढतच राहिली, वर सरळ चालताना स्टेअरिंगही तिरकं दिसायला लागलं. घरी आमच्या ह्यांचं मत पडलं की मी स्टेअरिंगच डावीकडे धरते. वीस वर्षं गाडी चालवतेय मी!

शेवटी आमच्या शाखेतल्या शिपायाने मिस्त्रींचा पत्ता दिला. त्यांनी आधी कागद मागितला, चष्मा वर करून वाचला. "कागद बरोबर हाय ताई. दोन बाजूंच्या कॅम्बरमधे, म्हंजे चाकाच्या आत-बाहेर कलण्यात, पाव डिग्रीचा फरक, तेवढ्यानं गाडी अशी वढत न्हाई. टायरचं काय बघितलंय का त्यांनी?"

मग हवा तपासली. पुढच्या डाव्यात 29, उजव्यात 34. मला वाटलं, झालं, सापडलं. चारही 33 केले आणि मला शेजारी बसवून स्वतः चालवायला घेतली. ओढ थोडी कमी, पण होती. मागच्या रिकाम्या रस्त्यावर त्यांनी गाडी मुद्दाम उजव्या अंगाला घेतली. आपले रस्ते मधे उंच, कडेला उतरते. उताराचा दोष असता तर तिथे गाडी उजवीकडे जायला हवी होती. ती डावीकडेच गेली. परत आल्यावर जॅक लावून पुढची चाकं हाताने फिरवली, ब्रेक कुठे धरतोय का बघायला. दोन्ही मोकळी.

आणि मग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते. त्यांनी पुढची दोन चाकं आपापसात बदलली. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, बाकी कशाला हात नाही. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असं बदलून चालवायचं नसतं, माझ्यावर नव्हता.) पुन्हा चक्कर मारली, आणि गाडी उजवीकडे ओढायला लागली! मी हसलेच. बँकेत ताळा लागत नसला आणि फरकाला नऊने भाग जात असला, तर आम्ही आधी कुठे आकडे उलटसुलट लिहिलेत का ते शोधतो. हे तेच होतं. ओढ चाकाबरोबर गेली, म्हणजे खोट चाकात. गाडीत असती तर ती डावीकडेच राहिली असती.

पण दोनातला कुठला? उजवीकडे आलेलं चाक मागे टाकलं, मागचं पुढे आणलं. गाडी सुतासारखी सरळ.

म्हणजे कोरा, रबराचे काटेही न झिजलेला टायर खोटा होता. मी म्हटलं, बॅलन्सिंग केलं तेव्हा कसं नाही कळलं? मिस्त्रींनी चहाचा कागदी कप आडवा करून फरशीवर ढकलला. कप गोल वळत गेला. टायर बनताना आतला तारेचा पट्टा जरा एका बाजूला सरकून बसला की टायर या कपासारखा होतो, एका अंगाला किंचित निमुळता. डोळ्याला दिसत नाही, वजन समान असतं म्हणून बॅलन्सिंगमधे सापडत नाही, आणि अलाइनमेंटचं मशीन चाकाचे कोन मोजतं, टायरचं पोट नाही. मागच्या बाजूला त्याचा त्रास फारसा जाणवत नाही, म्हणून तात्पुरता तिथेच ठेवलाय. स्टेअरिंगही सरळ करून दिलं. दुकानदाराकडे बदलून मागितलाय. यावेळी कागदाऐवजी त्यालाच चक्कर मारून आणली, डावं-उजवं करून दाखवलं. अर्ज तरी भरून घेतलाय.

मिस्त्रींनी घेतले 400 रुपये. अडीच तास गेले, बसायला एक जुनं सीट, पंखा नाही, आणि फोन ते उचलत नाहीत. सकाळी दहाच्या आत गेलात तर नंबर लागतो.

तारा कापला तो यासाठी नाही. चाकं चार वेळा काढली-घातली, पण व्हील कॅप शेवटी कुणीतरी पोराने नुसती टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी नागठाण्याजवळ ती माझ्या डोळ्यांदेखत गडगडत शेजारच्या उसात गेली.