परदेशी जाण्यासाठी मुंबई की हैदराबाद?

नांदेड, लातूरकडच्या प्रवाशाला परदेशी जायचे असल्यास मुंबई आणि हैदराबाद या दोन विमानतळांचा विचार करावा लागतो. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या असल्या, तरी त्या एकमेकींना छेदत असल्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर करता येत नाही, आणि चहूबाजूंनी वस्तीने वेढलेल्या जागेत तिसरीला वावच उरलेला नाही. 2014 मध्ये नवे टर्मिनल 2 सुरू झाले, इमारत देखणी झाली; धावपट्टीची अडचण मात्र तशीच राहिली. नवी मुंबईत दुसरा विमानतळ उभारण्यामागचे मोठे कारण हेच.

हैदराबादने बेगमपेठचा जुना विमानतळ प्रवासी वाहतुकीसाठी बंद करून 2008 मध्ये शमशाबादला सुमारे साडेपाच हजार एकरांवर नव्याने सुरुवात केली, त्यामुळे तेथे विस्तार करणे सोपे गेले. थेट उड्डाणांची विविधता मुंबईत निश्चितच अधिक आहे. तरीही नांदेडहून हैदराबादचे अंतर मुंबईच्या जवळपास निम्मे असल्याने, विशेषतः वृद्ध आई-वडील सोबत असतील तर, मी हैदराबादच सुचवीन. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या लोकांनी मात्र समृद्धी महामार्गाने मुंबईच गाठावी.