साइडकारच्या गाडीला पुढचा टायर घेताना मी कसा फसलो, तुम्ही फसू नका

आमच्याकडे जुनी बुलेट ३५० आहे, तिला डाव्या बाजूला साइडकार लावलेली. हौस म्हणून लावलेली नाही, आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला मागच्या सीटवर टांग टाकून बसता येत नाही आणि रिक्षात चढता उतरताना त्रास होतो, साइडकारमध्ये मात्र ती आरामात बसते. तासगावहून मिरजेला व्यायामाला न्यायचं म्हणजे हीच गाडी. त्यामुळे टायरचा विषय माझ्यासाठी साधा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

साइडकार चालवणाऱ्यांना माहीत असेल, पुढचा टायर फार लवकर जातो. सोलो, म्हणजे साइडकार नसलेली, गाडी वळणावर कलते म्हणून टायरचा आकार गोल असतो. साइडकारवाली गाडी कलतच नाही, हँडल वळवलं की टायर रस्त्यावर आडवा घासत जातो, मधला पट्टा सपाट होतो आणि कडेची नक्षी खरवडून निघते. माझा आधीचा टायर ६ हजार किलोमीटरमध्ये संपला होता. म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात मी जिथं जाईन तिथं एकच विचारत होतो, टिकाऊ टायर कुठला? आता मागं वळून बघतो तर वाटतं की माझ्या याच प्रश्नावर तो दुकानदार खेळला.

कोल्हापुरात कामाला गेलो होतो, तिथं एका टायरच्या दुकानात चौकशी केली. साइज ३.२५-१९. पहिल्या माणसानं शेल्फवरचा एक नेहमीच्या कंपनीचा टायर काढून दाखवला, दोन हजारांच्या आतबाहेर किंमत होती, मी घेणारच होतो. तेवढ्यात मालक आला. “पाव्हणं, साइडकार हाय न्हवं? मग ह्यो न्हाई चालायचा, ह्यो मऊ रबर. तुमाला कडक कंपाउंडचा लागतोय, थांबा.” आणि आतनं एक टायर आणला, काळाकुळकुळीत, चकचकीत, कागदाची पट्टी गुंडाळलेली. मग त्यानं माझाच अंगठा धरून आधी शेल्फवरच्या टायरवर नख रुतवायला लावलं, नख रुतलं. मग ह्या टायरवर, अजिबात रुतलं नाही. “बघा, ह्याला म्हणायचं टिकाऊ, २५ हजार कुटं गेलं न्हाईत.” आणि मला ते पटलं. डोळ्यासमोर दाखवलं होतं ना. ४२०० रुपये सांगितले, ४००० ला दिला.

“तुमी चा घेऊन या तवर बशिवतो” म्हणाला, मी समोरच्या गाड्यावर चहा घेतला, येईपर्यंत टायर चाकात बसलेला होता. टायरवर तो बनवल्याची तारीख असते, ती बघायची राहिली. बिल मागितलं तर एका कोऱ्या चिठ्ठीवर “टायर १ नग” एवढं लिहून दिलं, पैसे मी मोबाइलवरून दिले ते पण कुठल्यातरी माणसाच्या वैयक्तिक नावावर गेले, दुकानाचं नाव कुठंच नाही. जीएसटीचं बिल पाहिजे असेल तर जास्त पडतील म्हणाला आणि मी गप्प बसलो. ती माझी मोठी चूक.

पहिले दोन महिने कोरड्या रस्त्यावर काही कळलं नाही. उलट नक्षी अजिबात झिजत नव्हती म्हणून मी खूश होतो, दोघातिघांना ते दुकान सांगितलं सुद्धा, त्यांची नंतर जाऊन माफी मागितली.

श्रावणात आईला जोतिबाला घेऊन गेलो. दर्शन झालं, उतरताना भुरभुर पाऊस, रस्ता ओला. गाडी तिसऱ्या गिअरला, वेग पंचवीस-तीसच्या वर नसेल. डावं वळण आलं, मी हँडल वळवलं आणि पुढचा ब्रेक हलकाच दाबला, तर चाक वळलं पण गाडी वळलीच नाही, सरळ उजवीकडे समोरच्या लेनमध्ये घसरत गेली. आमच्या साइडकारच्या चाकाला ब्रेक नाही त्यामुळे ब्रेक मारला की साइडकार पुढं ढकलते आणि गाडी उजवीकडे ओढते, हे मला माहीत आहे, इतकी वर्षं ते हातानं सांभाळतच आलोय, पण त्यासाठी पुढच्या टायरनं रस्ता धरायला पाहिजे ना. समोरनं जीप येत होती, त्या माणसानं वेळेत थांबवली म्हणून आज हे लिहितोय. आई दांडीला घट्ट धरून बसली होती, घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सावकाश मिरजेला चाचांकडे गेलो, बुलेटचं काम मी त्यांच्याकडेच करतो. चाचांनी चाक फिरवलं, नक्षीच्या आणि साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, जोडावरून नखानं रेघ ओढत गेले आणि एका जागी थांबले. तिथं जोड उघडला होता, दोन बोटं लांब. म्हणाले, “बेटा, हा नवा टायर नाही, रिमोल्ड आहे. जुन्या सांगाड्यावर वरनं पट्टा चिकटवलाय.” मग खाचांमध्ये टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या, गाठी शोधल्या, एक पण नाही. नव्या टायरमध्ये खाचेच्या तळाला त्या छोट्या गाठी असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा, दुचाकीला ०.८ मिलीमीटरची मर्यादा आहे. मग तारखेची जागा बघितली तर ती घासून वरनं काळं पॉलिश मारलेलं. चाचांनी पॉलिश रॉकेलनं पुसलं, पांढरा खडू आडवा घासला, आणि अंधूक चार आकडे दिसले, ३८१२. म्हणजे २०१२ सालचा ३८ वा आठवडा. सांगाडा जवळजवळ अकरा वर्षांचा!

आणि नख का रुतलं नाही ते तेव्हा कळलं. रबर जुनं झालं की सुकून कडक होतं, बारीक चिरा पडतात, त्या चिरा पॉलिशखाली झाकल्या होत्या. वरचा पट्टा पण स्वस्तातला, दगडासारखा. झिजत नव्हता कारण रस्ता धरतच नव्हता. ट्रकला, बसला चांगल्या कारखान्यातनं रिमोल्ड करून मागच्या चाकाला वापरतात ते मला माहीत आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला, तेही साइडकारवाल्या, नवा म्हणून विकणं हा माणसांच्या जिवाशी खेळ आहे आणि मला त्याचा अजून राग येतो.

चाचांनी अजून एक दाखवलं ते सगळ्यांनी करून बघा. दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घेतल्या, एक बुलेटच्या दोन्ही चाकांना लावून, दुसरी साइडकारच्या चाकाला लावून, आणि दोघींमधलं अंतर पुढं आणि मागं मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी असायला पाहिजे, आमच्या गाडीला चाचा १५ ते २० मिलीमीटर ठेवतात. निघालं ४५. म्हणजे साइडकारचं चाक गाडीला सतत एका बाजूला ओढत होतं आणि मी हँडलनं त्याला उलटं दाबत होतो. माझा आधीचा टायर ६ हजारात गेला तो ह्यामुळं, रबर मऊ होतं म्हणून नाही! साइडकार गाडीला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले झाले होते एवढंच. हे आधी कुणी मोजलं असतं तर मी टिकाऊ टायर शोधत फिरलोच नसतो.

आता जो टायर घातलाय तो मी स्वतः समोर उभा राहून निवडला. आधी तारखेचे चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, सहा महिन्यांच्या आतला मिळाला. आयएसआय मार्क बघितला. मग साइजच्या पुढचा आकडा, तो वजनाचा असतो, ५२ म्हणजे २०० किलो, ५४ म्हणजे २१२ किलो, साइडकारला जास्तीचा घ्यायचा. पुढच्या टायरची नेहमीची उभ्या रेघांची नक्षी घेतली नाही, ठोकळ्यांची आणि जरा सपाट माथ्याची घेतली, आडवी घासण ती जास्त सोसते. ट्यूब नवीन टाकली. हवा सोलोपेक्षा थोडी जास्त ठेवतो, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. आणि पक्कं बिल, टायरचा नंबर टाकून.

पैशाचं काय झालं विचाराल तर परत गेलो होतो. मालक म्हणाला, “ह्यो टायर आमचा न्हवंच.” चिठ्ठीवर नाव नाही, मी काय दाखवणार? १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, मोबाइलवरचा व्यवहार आणि फोटो जोडलेत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, तिकडं पण जाणार आहे.

तो टायर मी भंगारात दिला नाही. दिला तर परत कुणीतरी काळं फासून विकेल. चाचांच्या गॅरेजमध्येच करवतीनं त्याचे चार तुकडे केले, ३८१२ असलेला तुकडा तेवढा तक्रारीसाठी घरी ठेवलाय.