मिरजेत तंबोऱ्याची जवारी करून घेतली, घुंगरांसकट

मी सतार शिकले, गुरूंसमोर बसून बारा वर्षं, आणि आता बरीच वर्षं नाटकं आणि नाचाच्या कार्यक्रमांना संगीत करते. त्यामुळे वाद्य दुरुस्तीला टाकताना माझी गरज मैफलीतल्या माणसापेक्षा जरा वेगळी असते आणि ती समजून घेणारा कारागीर सहजी सापडत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सापडला, तिथेच तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा आवाज जुळवणं) करून घेतली, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आमचा प्रयोग तासाभराचा आहे. स्टेजवर एक कथक करणारी मुलगी, दोन नट, काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणारी एक गायिका, आणि तंबोरा खराखुरा, ॲपवरचा मला नको होता. पण तालमीत व्हायचं काय, की तंबोरा मस्त लागला की घुंगरं ऐकूच यायची नाहीत, तत्कार, म्हणजे पायांचे बोल, सगळा त्या झणझणाटात बुडून जायचा, आणि साउंडवाल्याने तंबोरा खाली घेतला की गायिकेचा आधार जायचा. आधी आमच्याच शहरात एकाकडे दाखवला, त्याने काहीही न विचारता घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) इतकी घासली की खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची तार नुसती खरखरायला लागली. पैसे गेले ते गेले, पण आजोबांच्या वेळचा तंबोरा आहे हो तो, दोन रात्री झोप नव्हती मला.

मग मिरज. दुकानाचं नाव लिहीत नाहीये, कारण तिथले कारागीर चाचाच म्हणाले की ताई, गल्लीत सगळे आपलेच, कुणाकडेही पाठवा. लहानसं दुकान, छताला तंबोऱ्यांसाठीचे भोपळे टांगलेले (हे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात), जमिनीवर लाकडाचा भुसा आणि त्यातच बसून काम. या गल्लीतलं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं, फरीदसाहेब शिकलगारांपासून सुरू झालेलं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, तो हात तंबोऱ्याकडे वळला. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले, त्यांच्या काळात या तंबोऱ्यांचं नाव आणखी लांब पोचलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (त्या गावाची खासियत म्हणून मिळणारं भौगोलिक मानांकन) मिळालं तेही आता सगळ्यांना माहीत झालंय.

चाचांनी तंबोरा छेडला, बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "कोण गाणार? आणि सोबत काय वाजणार?" मी सगळं सांगितलं तर म्हणाले, "त्या पोरीची घुंगरांची चाळ घेऊन या." दुसऱ्या दिवशी तिला चाळेसकट घेऊन गेले. दुकानाच्या दारात दगडी पायरीवर तिने पाय आपटले, ता थेई थेई तत्, आणि चाचा डोळे मिटून तंबोरा छेडत राहिले. मग कानस घेतली. घोडीवर दोनतीनदाच फिरवायची, तार चढवायची, घोडीवर तारेखाली असलेला दोरा केसभर पुढे-मागे सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा तार उतरवायची. चार तारांना मिळून तीन तास गेले असतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो, तार थरथरताना त्याला घासत जाते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो, ती जवारी. जवारी खुली ठेवली की वरचे चमकदार स्वर खूप येतात, आणि घुंगरांचा आवाजही तिथेच वर असतो, म्हणून दोघं एकमेकांवर चढत होते. चाचांनी जवारी थोडी बंद केली, म्हणजे गोलाई तशीच राहिली, झणझणाट तेवढा खाली आला. घुंगरं लख्ख ऐकू यायला लागली आणि तंबोरा त्यांच्या खाली पसरलेला. ती मुलगी तिथेच पायरीवर रडायला लागली.

मला कायम भास्कर चंदावरकर आठवतात. रविशंकरांकडे सतार शिकलेला माणूस १९७२ च्या घाशीराम कोतवालचं संगीत करतो, आणि तिथे रांगेत उभी असलेली माणसंच गातात, नाचतात, तीच पडदा होतात, आता यातलं गाणं कुठलं आणि हालचाल कुठली हे वेगळं काढूनच दाखवा. दुसऱ्या कलेबरोबर काम करायचं तर आपल्या सुरात तिला जागा ठेवावी लागते हे मी त्यावरून शिकले. नाटकाच्या तालमींमध्ये हे समजावता समजावता माझा घसा बसतो, चाचांनी एका कानशीने करून दाखवलं.

तक्रारी आहेत. दोन खुंट्या नव्या बसवायच्या होत्या, चार दिवस सांगितले आणि नऊ लागले, प्रयोग तोंडावर असल्याने जीव टांगणीला. फोन दुपारी उचलत नाहीत. गल्लीत गाडी जात नाही, तंबोरा उचलून चालत जायची तयारी ठेवा. पैसे मात्र वाजवी, जवारी, तारा, खुंट्या सगळं धरून अडीच हजारांच्या आत.

जाणार असाल तर वाद्य एकटं नेऊ नका, गाणाऱ्याला न्या, नाचणाऱ्याला न्या, निदान तालमीचं रेकॉर्डिंग तरी न्या, ते ऐकतात, खरंच पूर्ण ऐकतात. पुढच्या महिन्यात माझी सतार नेतेय, यावेळी पखवाजवाल्यालाही सोबत घेऊन.