ठाणे खाडीचं पाणी बघायचंय? मग ॲकोलाइट वापरा

खारफुटी किंवा डोंगर बघायचे असतील तर सेन्टिनेल-२ उपग्रहांची तयार एल-टू-ए चित्रं (हवेचा परिणाम आधीच वजा केलेली) उतरवा आणि कामाला लागा. ती सेन-टू-कोर या सॉफ्टवेअरमधून निघतात आणि ते मुळात जमिनीसाठीच बांधलेलं आहे. हवेत धूळ-धूर किती, याचा अंदाज ते दाट, गडद झाडीवरून घेतं. पण शिवडीपासून ऐरोलीपर्यंत खाडीचं पाणी तपासायचं असेल तर एल-वन-सी (हवेचा परिणाम तसाच असलेली) चित्रं घ्या आणि हवेचा वाटा वजा करणाऱ्या ॲकोलाइट या सॉफ्टवेअरमधून काढा. मी खाडीतल्या गाळावर काम करते, आणि माझ्यापुरता हा प्रश्न मिटला आहे.

पाणी मुळातच गडद. उपग्रहापर्यंत पोचणारा निळा उजेड बहुतांशी हवेनंच विखुरलेला असतो, कारण तरंगलांबी निम्मी झाली की रेणूंमुळे होणारं विखुरणं १६ पट होतं. वर जानेवारीतलं मुंबईचं धुरकं! हवेचा वाटा वजा करताना जरा इकडेतिकडे झालं की उरलेला आकडा पाण्याचा राहतच नाही.

ॲकोलाइट बेल्जियममधल्या निसर्गविज्ञान संस्थेत तयार झालं. मोफत आहे, कोडही खुला आहे. गडद जागा कुठल्या बँडमध्ये (म्हणजे उजेडाच्या कुठल्या पट्ट्यात) शोधायची हे ते आधीच ठरवून टाकत नाही. प्रत्येक बँडमधला सर्वांत गडद भाग बघतं आणि त्याला जुळणारं धुरक्याचं मॉडेल निवडतं. आपल्या खाडीला हेच हवं. इथे जवळच्या इन्फ्रारेडमध्ये (लालपलीकडच्या, न दिसणाऱ्या उजेडात) पाणी काळं धरून चालत नाही, गाळ तिथेही चमकतो. दुरुस्तीआधी कुठल्या रंगाचा उजेड किती, याचा आलेख निळ्याकडे उंच असतो. दुरुस्तीनंतर निळा खाली बसतो, हिरव्या-लालकडे चढ दिसतो आणि ७०५ नॅनोमीटरनंतर उतार लागतो. गढूळ पाण्याचा आलेख असाच असायला हवा!

पूर्ण चित्र चालवू नका, अक्षांश-रेखांशांची चौकट द्या; वेळ खूप वाचतो. जानेवारी २०२२ पासून सेन्टिनेलच्या चित्रांत पिक्सेलच्या आकड्यांत १००० ची भर असते, ती ॲकोलाइट स्वतःच वजा करतं. एप्रिल-मेमध्ये सूर्य डोक्यावर आला की पाण्यावरच्या चकाकीची दुरुस्ती चालू करा, ती आपोआप होत नाही. पावसाळ्यातल्या ढगांवर मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरकडे इलाज नाही.

ऐरोली पुलाच्या पुढे ठाण्याकडे खाडी अरुंद होते. तिथे झाडांचा इन्फ्रारेड उजेड हवेत विखुरून पाण्याच्या पिक्सेलमध्ये शिरतो, म्हणून काठालगतचे पिक्सेल मी हिशोबात धरत नाही. तुम्हीही धरू नका.