पुढची नंबरप्लेट, दाभोळची फेरीबोट आणि शृंगारतळीतलं एक दुकान

जुलैतली अमावस्या नुकतीच झाली होती. दाभोळच्या जेटीवरून गाडी बोटीवर चढवताना पुढून पत्रा फरफटल्याचा आवाज आला. मागे पाच गाड्या रांगेत उभ्या, म्हणून तशीच वर घेतली. इंजिन बंद करते तोच खलाशी खिडकीशी आला, "वहिनी, नंबर लोंबतोय तुमचा." उतरून पाहिलं तर पुढची प्लेट एकाच कुलपावर, म्हणजे ती गाडीला धरून ठेवणाऱ्या स्नॅप लॉकवर, लटकत होती. दुसऱ्या बाजूचं भोक खालपर्यंत फाटलं होतं आणि प्लेटची खालची कड आत दुमडली होती. तीन महिन्यांपूर्वी बसवलेली कोरी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट, होती ती.

कोकम, आगळ, फणसपोळी आणि मसाले असा माझा माल आहे. आठवड्यातून तीन दिवस मी दाभोळहून खाडीपलीकडे धोपाव्याला उतरते आणि तिथून गुहागर, शृंगारतळीपर्यंत माल पोचवते. फेरीबोट नसती तर खेड-चिपळूणचा वळसा घालावा लागला असता. त्यामुळे बोट सोडणं शक्य नाही आणि नंबरप्लेटशिवाय फिरणंही शक्य नाही. यावर उपाय शोधताना मी महिनाभर जे पाहिलं, विचारलं आणि शेवटी करून घेतलं ते इथे लिहिते आहे. खाडीकाठच्या ज्यांच्या गाड्या खाली बसक्या आहेत, त्यांना याचा उपयोग व्हावा.

आधी हे घडतं कसं ते सांगते. भरतीला बोट उंच असते आणि गाडी चढवायचा बोटीचा रॅम्प जवळजवळ आडवा पडतो. ओहोटीला बोट खाली जाते, जेटीच्या उतारावरून आपण खाली येतो आणि लगेच रॅम्पवर वर चढतो. या दोन उतारांच्या खोबणीत गाडीचं नाक टेकतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खोल जाते, तेव्हा ही खोबण सगळ्यात वाईट. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असलेल्या दिवसांत तीच गाडी तिथूनच अलगद चढते. म्हणजे दोष बोटीचा नाही, बोटवाल्यांचा तर मुळीच नाही. माझ्या गाडीच्या बंपरची खालची कड जमिनीपासून १९ सेंटीमीटरवर आहे आणि प्लेटची कड होती १७ वर. बंपरच्याही खाली दोन सेंटीमीटर प्लेट लोंबत होती, म्हणून पहिला मार तिनंच खाल्ला.

ती इतकी खाली आली कशी? गाडी २०१४ सालची, एमएच ०८. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी लावून घ्यायची होती. पहिली मुदत मार्च २०२५ ची होती, ती पुढे वाढत गेली. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये भरून मी एप्रिलमध्ये प्लेट बसवून घेतली. माझी जुनी प्लास्टिकची फ्रेम आधीच तडकलेली होती. बसवणाऱ्या मुलानं ती काढली, हाताशी होती ती फ्रेम बंपरच्या खालच्या ओठावर दोन स्क्रूंनी आवळली आणि प्लेट तिच्यावर कुलूप करून टाकली. गर्दी होती, पाच मिनिटांत मोकळी झाले. कुठे बसवतोस, किती खाली येईल, हे तेव्हा मी विचारायला हवं होतं.

कारण हे कुलूप एकदा बसलं की निघत नाही. दोन तुकडे एकमेकांत दाबले की टक् करून अडकतात आणि काढायचं तर तोडूनच काढावं लागतं. मागच्या प्लेटला नियमानंच हे लागतं, पुढच्या प्लेटलाही एचएसआरपी बसवून देणारे सेंटरवाले तेच लावतात. प्लेट म्हणजे एक मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, चारचाकीची लांब प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटरची. डाव्या कडेला निळ्या रंगात आयएनडी आणि वर अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरनं कोरलेला क्रमांक. या पत्र्याला नवं भोक पाडणं, कड कापणं, दुमडून बसवणं यातलं काही करायचं नाही. दुमडलं की वरचा चमकणारा पापुद्रा तडकतो, हे माझ्या फाटक्या प्लेटवर मला स्पष्ट दिसलं. तडकलेल्या रेषेवर रात्री उजेड मारला तर ती काळी दिसते.

म्हणजे प्लेटला हात लावायचा नाही, फक्त ती ज्यावर बसते ती बैठक बदलायची. नियमाचं म्हणणं एवढंच की नोंदणी क्रमांक गाडीच्या पुढे आणि मागे, स्पष्ट आणि वाचता येईल असा दिसला पाहिजे. या चौकटीत काय काय करता येतं ते मी पाहत गेले.

सगळ्यात जास्त सल्ला मिळाला तो दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा. बंपरला भोक नको, काही नको, चिकटवा आणि निघा. आमच्या हवेत मला तो पटला नाही. खारा दमटपणा, त्यावर चार महिन्यांचा पाऊस, आणि बंपरचं प्लास्टिक उन्हात तापून फुगतं. शिवाय कुणीही सुरी घालून प्लेट उचलून नेईल. जी प्लेट सहज निघू नये म्हणून कुलूप दिलंय, ती टेपवर लावायची याला अर्थ नाही. केबल टायनं जाळीला बांधणारेही पाहिले. जाळीतूनच रेडिएटरला वारा मिळतो. माल भरून कुंभार्ली घाट चढायचा असेल तर तिथे अर्धा मीटर पत्रा आडवा लावणं मला धोक्याचं वाटतं. काचेच्या आत डॅशबोर्डवर प्लेट ठेवणं तर सोडूनच द्या. काचेवर फक्त दोन प्लेटांबरोबर मिळणारा तो तिसरा, नंबराचा स्टिकर लागतो, प्लेटची जागा बाहेरच.

एकानं बंपरपुढे लोखंडी नळ्यांचा बुल बार लावून त्यावर प्लेट घ्यायला सांगितलं. दिसायला दणकट आणि प्लेट चांगली उंच येते. पण असे क्रॅश गार्ड बेकायदा असल्याचं केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. टक्कर झाली तर समोरच्या पायी माणसाला त्याचा जबर मार बसतो. प्लेट वाचवायला मी दुसऱ्याच्या जिवाशी खेळणार नाही.

टो हुकच्या ब्रॅकेटबद्दल मात्र नीट लिहायला हवं, कारण ती वस्तू खरंच कामाची आहे. नव्या गाड्यांच्या बंपरवर एका बाजूला छोटं झाकण असतं. ते काढलं की आत आटे असलेली खोबण दिसते. गाडी ओढायचा हुक त्यात पिळून बसवतात. त्याच जागी एक दांडा पिळायचा, त्याच्या टोकाला पट्टी आणि पट्टीवर प्लेट. बंपरला एकही भोक पडत नाही. माझ्या पुतण्यानं चिपळूणला त्याच्या गाडीला ते बसवलंय. प्लेट मधोमध न येता डाव्या हाताला येते, पण समोरून सरळ वाचता येते. त्याला दोन गोष्टी भोवल्या. सगळा भार एकाच दांड्यावर असल्यानं खड्ड्यांच्या रस्त्यावर महिनाभरात प्लेट तिरकी झाली. मग मागून आणखी एक नट आवळावा लागला, तेव्हा ती थांबली. दुसरी गोष्ट म्हणजे हुकची जागाच अडली. आपल्याकडे पर्यटकांच्या गाड्या पुळणीत, किनाऱ्यावरच्या वाळूत, रुततात तेव्हा ट्रॅक्टरवाला आधी हुक मागतो. तिथे प्लेटचा दांडा असेल तर तो सोडवत बसायचं आणि पाणी मात्र चढत येतं. ज्यांची गाडी फक्त डांबरावर चालते त्यांनी हे ब्रॅकेट जरूर घ्यावं. माझ्या जुन्या गाडीचा हुक खाली चासीला वेल्ड केलेला आहे, तिला ते बसतच नाही.

मग राहिली धातूची फ्रेम. रत्नागिरीत एका दुकानात ‘स्टेनलेस’ म्हणून दाखवलेली फ्रेम मी खिशातल्या लोहचुंबकानं तपासली, ती घट्ट चिकटली. चुंबक धरणारं स्टेनलेस खाऱ्या वाऱ्यात लवकर तांबूस पडतं, हे माझ्या कोकमाच्या पातेल्यांनी मला आधीच शिकवलंय. वर त्या फ्रेमची कड इतकी रुंद होती की आयएनडीची अक्षरं अर्धी झाकली जात होती. अक्षरं ६५ मिलिमीटर उंचीची ठेवली आहेत ती लांबून वाचता यावीत म्हणून. फ्रेमनं किंवा धुरकट अ‍ॅक्रिलिकच्या झाकणानं ती झाकायची नसतात.

शेवटी शृंगारतळीत मसाल्याची पाकिटं देते त्या दुकानदारानं मागच्या बाजूच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे पाठवलं. गेट, ग्रील, टेम्पोचे हौदे करणारं छोटं दुकान, पुढे पत्र्याची शेड. दुकान चालवणारे दादा पन्नाशीचे. त्यांनी फाटकी प्लेट हातात घेतली आणि पहिल्यांदा भोकाभोवतीची पांढरी भुकटी नखानं खरवडली. "ताई, ही रॅम्पनं फाटली खरी, पण आधी मिठानं खाल्ली." प्लेट अ‍ॅल्युमिनियमची, फ्रेमचे स्क्रू लोखंडी, वर खारं पाणी. दोन वेगळे धातू चिकटून ओले राहिले की त्यातला अ‍ॅल्युमिनियम झिजतो आणि अशी भुकटी सुटते. तीन महिन्यांत भोकाची कड पापडासारखी पातळ झाली होती.

मग ते गाडीपुढे उकिडवे बसले आणि दहा मिनिटं नुसतं मोजत राहिले. बंपरच्या वरच्या फटीच्या आणि खालच्या जाळीच्या मध्ये एक सपाट पट्टा आहे, तो त्यांनी खडूनं आखला. प्लेट तिथे घ्यायची ठरली. नुसत्या बंपरच्या प्लास्टिकवर भार टाकायचा नाही, हे त्यांनीच सांगितलं. बंपरमागे जी लोखंडी पट्टी असते तिच्यावर स्टेनलेसचे दोन एलच्या आकाराचे पाय बोल्टनं घेतले. त्यावर तीन मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, प्लेटपेक्षा चारी बाजूंनी अर्धा सेंटीमीटर लहान, म्हणजे मागून काही डोकावत नाही. पाय आणि पट्टी यांच्यामध्ये नायलॉनचे वायसर, बोल्टभोवतीही नायलॉनच, अ‍ॅल्युमिनियमला दुसरा धातू लागू दिला नाही. खालच्या बाजूला पट्टीमागे जुन्या ट्यूबचे दोन जाड तुकडे ठेवले, काही टेकलंच तर पट्टी मागे दबावी म्हणून. नट सगळे आतल्या बाजूनं, पुढून पाना लागतच नाही. कुलपाची भोकं त्यांनी माझी जुनी प्लेट वर ठेवून पट्टीत पाडली, प्लेटला ड्रिल लावलं नाही. मी विचारलं, कुलूपही तुम्हीच लावाल का? ते म्हणाले, "ते माझं काम नाही. मी बैठक देतो, कुलूप सेंटरला."

अडीच तास लागले. साहित्यासह ८५० रुपये घेतले.

तुमच्यापैकी ज्यांनी अजून एचएसआरपी लावलेली नाही, किंवा ज्यांची फाटल्यानं बदलून घ्यायची आहे, त्यांनी हाच क्रम ठेवा: आधी बैठक तयार करा आणि मग सेंटरची तारीख घ्या. मी फाटकी प्लेट बदलून मिळावी म्हणून ऑनलाइन अर्ज केला, पैसे भरले आणि नवी आल्यावर सेंटरला तयार पट्टी घेऊनच गेले. तिथल्या मुलानं पट्टीकडे पाहिलं, भोकं जुळवली आणि दोन कुलपं टक् टक् करून बसवली. जुनी प्लेट मी त्याच्या हाती दिली. प्लेट पाण्यात पडून हरवली असती तर आधी पोलिसांत तक्रार द्यावी लागली असती. त्या दिवशी ती एका कुलपावर तरी टिकली, हे माझं नशीब.

आता त्या दुकानाच्या उणिवाही सांगते. पट्टीची कड त्यांनी घासली नव्हती, गाडी पुसताना माझ्या बोटाला चरा गेला. दाखवल्यावर लगेच कानस मारून दिली, पैसे घेतले नाहीत, पण ते पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. चारातला एक बोल्ट साधा लोखंडी निघाला. ऑक्टोबरमध्ये बंपरवर तांबडा ओघळ दिसला तेव्हा कळलं, तोही त्यांनी बदलून दिला. फोन उचलत नाहीत, त्यामुळे सकाळी दहाच्या आत स्वतः जाऊन गाठावं लागतं. मागितल्याशिवाय पावती देत नाहीत, ती मागून घ्या.

काम गणपतीच्या आधी झालं, त्याला आता पाच महिने झाले. प्लेटची खालची कड जमिनीपासून २५ सेंटीमीटरवर आहे. मधल्या काळात उधाणाच्या ओहोटीला कितीतरी वेळा बोटीवर चढले. दोनदा बंपर घासला, प्लेटला काही लागलं नाही. पूर्वी प्लेट खालच्या जाळीपुढे लोंबायची, आता जाळी पूर्ण उघडी असते. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यानं पुढचा भाग धुते आणि कुलपाभोवती बोट फिरवून बघते. भुकटी अजून आलेली नाही.

दुकानाला मी पाचपैकी साडेचार देईन. तो अर्धा गुण बोल्टचा कापलाय. गेल्या पौर्णिमेला त्याच खलाशानं चढताना पुढे वाकून पाहिलं आणि "या वहिनी, या, बिनधास्त या" म्हणत हात हलवला.