कासवाला खायला डकवीड, अझोला, पिस्टिया... नऊ महिने झाले, आता लिहिते

आमच्याकडे दोन रेड इअर्ड स्लायडर जातीची कासवं. मोठी ढब्बू, सात वर्षांची, कवच चांगलं वीतभर, आणि छोटा चिंटू, जेमतेम करंजीएवढा, शेजारचे दुबईला गेले तेव्हा आमच्या गळ्यात पडला तो. ठाण्यात कोलशेतला फ्लॅट, पश्चिमेची बाल्कनी. गेल्या ऑक्टोबरपर्यंत दोघंही पेलेट (कासवांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणि सुका जवळा यावरच. मग ढब्बूचं वजन फारच वाढलं, मागच्या पायांशी चरबीच्या वळ्या दिसायला लागल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले की मोठ्या स्लायडरला हिरवं पाहिजे, पिल्लं मांसाहारी असतात पण वाढत्या वयात पाल्याकडे वळतात. मी म्हटलं पालक देते की मी अधूनमधून, तर तो आधी बंद करा म्हणाले, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं आणि कवचाला तर तेच लागतं. कोबीही रोज नको. म्हणून पाणवनस्पती.

पहिली खरेदी साफ फसली. स्टेशनजवळच्या एका दुकानातून हॉर्नवर्ट नावाच्या पाणवनस्पतीची जुडी आणली आणि हौसेनं तशीच टँकमध्ये सोडली. संध्याकाळी बघते तर ढब्बूच्या तोंडातून करड्या रंगाची मऊ पट्टी लोंबतेय. झाड तळाशी बसावं म्हणून जुडीला गुंडाळतात ना, ती शिशाची पट्टी! चिमट्यानं ओढून काढली, माझं बोट वाचलं हेच नशीब. दुकानदाराला विचारलं तर म्हणे मॅडम ही टँक सजवायची झाडं, खायची नाहीत. राग आला पण माणूस खोटं बोलत नव्हता. दुकानातली झाडं माशांसाठी वाढवलेली असतात, त्यांच्या कुंडीत मातीऐवजी रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंचा कापसासारखा बोळा असतो, खताच्या गोळ्या असतात, गोगलगायी मारायची औषधं टाकलेली असू शकतात आणि त्यात बऱ्याचदा तांबं असतं. टँकमधले मासे सहसा झाड खात नाहीत म्हणून कोणी विचार करत नाही, आपलं कासव मुळासकट गिळतं.

तेव्हापासून माझा एकच हट्ट. आणलेलं झाड थेट टँकमध्ये नाही. पट्टी, कुंडी, रॉकवूल सगळं काढायचं, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं, मग धुऊन बाल्कनीतल्या टबात कमीत कमी तीन आठवडे, दर चार दिवसांनी पाणी बदलून. आणि खायला द्यायचं ते टबात नव्यानं फुटलेलं, मूळचं नाही. कुठलं झाड सेफ याच्या याद्या सगळीकडे मिळतात, पण तेच झाड कुठल्या पाण्यात वाढलंय हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते अर्धा प्रश्न तिथेच आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी प्रेमानं खाडीकडची जलपर्णी आणून दिली होती, जांभळ्या फुलासकट. कासवं जलपर्णी खातात हे खरं, पण ती सांडपाण्यातले जड धातू मुळांत ओढून घेते, म्हणून तर पाणी शुद्ध करायला वापरतात तिला. फूल घेतलं, बाकी कुंडीच्या खतात.

आता एकेक. डकवीड म्हणजे ते तिळाएवढ्या पानांचं तरंगणारं, यात मी सगळ्यात खूश. पन्नास रुपयांची एक वाटी आणली होती, ऊन आणि घाण पाणी मिळालं की दोनतीन दिवसांत दुप्पट होतं. झाडं एकदा स्थिरावली की ढब्बूच्या टँकचं बदललेलं पाणीच मी टबात ओतते, तिची घाण हेच खत. खाताना बघायला मजा येते, तोंड उघडून पृष्ठभागावरून नांगर फिरवल्यासारखी जाते आणि मागे स्वच्छ पाण्याचा पट्टा राहतो. पण ते सगळीकडे चिकटतं हो, मानेला, कवचाला, ती उन्हाला बसते त्या फळीवर वाळून हिरव्या रांगोळीसारखं. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर मोटर गेलीच म्हणून समजा, माझी एक गेली.

अझोलाही मस्त, दूधवाले लोक गाईम्हशींना देतात तोच. त्यात प्रोटीन भरपूर म्हणून मी आठवड्यातून दोनदाच देते. मे महिन्यात आमच्या बाल्कनीतल्या उन्हात पूर्ण लाल पडला, वाटलं मेला, टब सावलीत सरकवला तर पंधरा दिवसांत परत हिरवा. पहिल्या मोठ्या पावसात मात्र टब भरून वाहिला आणि निम्मा अझोला खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर. त्या अजून नीट बोलत नाहीत.

पिस्टिया, म्हणजे वॉटर लेट्यूस, ढब्बूला मुळं आवडतात, पानं ती फाडून टाकून देते आणि पसारा करते. इथे एक किस्सा. सासूबाईंनी टँक सुना दिसतो म्हणून मनी प्लांटची फांदी खोचली. ढब्बूनं एक पान चावलं आणि पुढचा पाय तोंडावरून परत परत घासायला लागली. मी वाचून सांगेपर्यंत सासूबाईच म्हणाल्या, अगं, हिला अळू खाजतं तसं खाजतंय. आणि तसंच निघालं, मनी प्लांट अळूच्याच कुळातला, त्याच सुया, कॅल्शियम ऑक्झलेटच्या. आपण फतफत्यात चिंच घालतो, कासवाला कोण घालणार! पिस्टियाही त्याच कुळातली, म्हणून ती आता फक्त चव बदलायला, पंधरा दिवसांतून एखादी. डकवीडही याच खानदानातलं आहे ही गंमत, पण ते एवढ्या महिन्यांत तिला बाधलेलं नाही, तरी रोज तेवढंच असं मी करत नाही.

हॉर्नवर्ट परत आणणार नाही. खायला चांगलं आहे, पण त्याची सुयांसारखी पानं झडून तळाशी कचरा होतो.

चिंटू? त्यानं चार महिने हिरव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता ढब्बूचं बघून डकवीड चाखतो आणि थुंकतो. वय लहान आहे, सोडून दिलंय मी. पेलेट दोघांचेही चालू आहेत, फक्त ढब्बूचे रोजऐवजी दिवसाआड केलेत. टँकमध्ये कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा आणि वर यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) आहेच, नुसत्या पाल्यानं कवच घट्ट होत नाही. वजन उतरलंय, वळ्या गेल्या.

अजून एक, टब म्हणजे डासांचं घर. जुलैत पालिकेचे लोक डेंग्यूच्या अळ्या बघायला सोसायटीत आले तेव्हा सेक्रेटरींनी पहिलं बोट आमच्या बाल्कनीकडे दाखवलं. टबात आधीच पाच गप्पी मासे सोडलेले होते म्हणून वाचलो, एक अळी सापडली नाही. टब आणि टँकच्या वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे, म्हणजे जुलाब करणारे जंतू असू शकतात, घरात लहान मूल असेल तर जास्तच सांभाळा. आणि कंटाळा आला म्हणून उपवन किंवा मासुंदा तलावात सोडू नका प्लीज, हे अमेरिकेतलं कासव, आपल्या देशी कासवांच्या वाट्याचं खातं.

पुढे वॅलिसनेरिया लावून बघायचीय, लांब पट्ट्यासारखी पानं असतात ती, पण दिवाळीनंतर, ऊन पाऊस दोन्ही जरा निवल्यावर. जुडी आणली की आधी शिसं शोधणार.