उद्यमनगरातला पाचवा नट

दुकानाला पाटी नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका बोळात शटरच्या आत एक लेथ, एक ड्रिल मशीन, भिंतभर नट-बोल्टचे खण आणि दारात दुकानदार काकांची लुना. तिथं मी माझ्या विंग फॉईलच्या बोर्डासाठी काम करून घेतलं, त्याला आता एक अख्खा सीझन झाला. कोल्हापूर-सांगलीकडची जी मंडळी शनिवार-रविवार मालवणच्या पाण्यात असतात त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. आपल्याकडं लीश, म्हणजे बोर्ड अंगाला बांधायची दोरी, कुठली घ्यावी यावर तासन्‌तास बोलणं होतं. फॉईल बोर्डाला कशानं धरलंय हे मात्र फॉईल गेल्यावरच विचारलं जातं.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. हातात हवेनं फुगवलेली विंग, पायाखाली आखूड जाड बोर्ड, बोर्डाखाली पाण्यात पाऊण मीटरची मास्ट, म्हणजे उभा खांब. मास्टच्या तळाशी आडवी दांडी, म्हणजे फ्यूजलाज. तिला पुढं मोठा पंख, मागं छोटा. हे सगळं मिळून फॉईल. वेग आला की पुढचा पंख सगळ्यांना पाण्यावर उचलतो. बोर्ड तरंगतो, विंग तरंगते. अॅल्युमिनियमची मास्ट आणि तिला जोडलेला कार्बनचा पंख मात्र सुटले की सरळ तळाला. माझ्या सेटमधला सगळ्यात महाग भाग तोच, आणि तो बोर्डाला फक्त चार बोल्टवर टांगलेला असतो.

गेल्या वर्षी एप्रिलात मालवणजवळ देवबागला माझं फॉईल गेलं. दुपारचा वायव्येचा वारा छान लागला होता. किनाऱ्यापासून बरीच आत होते, पंपिंग करत, म्हणजे पायांनी बोर्ड खाली-वर दाबत उठले, आणि एकदम बोर्ड पाण्यावर आपटला. मला वाटलं वारा पडला. बोर्ड पालथा केला तर खाली काहीच नाही, नुसते दोन ट्रॅक, म्हणजे नट बसतात त्या खोबणी. बोर्डाची लीश पोटरीला होती, विंगची लीश कमरेला होती, दोन्ही धड. लीश तुम्हाला बोर्डाशी बांधते. फॉईल बोर्डापासून सुटलं तर तिचा काहीही उपयोग नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

एक गोष्ट मात्र मी नकळत बरोबर केली. हलले नाही. विंगला धरून तिथंच थांबले आणि किनाऱ्याकडं बघून दोन रेषा डोक्यात पक्क्या केल्या : एक वाकडा माड पाण्याच्या टाकीसमोर येतोय, आणि डावीकडं एका होडीचं नाक पिवळ्या घराच्या कोपऱ्यावर. किनाऱ्याला आल्यावर तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमारांनी पहिलाच प्रश्न केला, "खंय पडला गो ता? खूण काय धरलंस?" दोन्ही रेषा सांगितल्या तसे ते हसले आणि होडी काढली. तीन वाव पाणी होतं. मी म्हटलं, गळाला मोठा लोहचुंबक बांधून ओढूया. पण अॅल्युमिनियम, कार्बन, चांगलं स्टेनलेस, यातलं काहीच चुंबकाला धरत नाही. शेवटी त्यांचा पुतण्या बुडी मारत राहिला आणि सातव्या की आठव्या बुडीला मास्ट वर आली. होडी किनाऱ्यावरच ओढलेली होती आणि संध्याकाळपर्यंत तशीच राहिली म्हणून ती खूण टिकली. चालत्या होडीची खूण कधी धरू नका.

आता दुकान. मी गोकुळ शिरगावला कास्टिंगच्या इन्स्पेक्शनमध्ये आहे, त्यामुळं तुटलेल्या वस्तूकडं आधी पुरावा म्हणून बघायची सवय आहे. बोर्डाच्या ट्रॅकमध्ये मागचे दोन नट शिल्लक होते, बोल्ट गायब. वर आलेल्या मास्टच्या माथ्यावरच्या, बोर्डाला लागणाऱ्या प्लेटमध्ये पुढचे दोन बोल्ट नटासकट होते. हा अर्थ लावायला सोपा आहे. मागचे दोन बोल्ट आधी सुटले. पंपिंग करताना प्लेटवर पुढून-मागून सारखा उलटसुलट ताण येतो. मग पुढचे ढिले होऊन प्लेट ट्रॅकमध्ये सरकली. ट्रॅकला नट आत घालण्यासाठी एक रुंद खाच असते. सरकत सरकत पुढचे नट बरोबर त्या खाचेशी आले आणि बाहेर पडले.

हे सगळं काकांना सांगत होते तोवर त्यांनी उरलेला एक पितळी नट उचलला, नवा बोल्ट दोन आटे आत घालून हलवला आणि माझ्या कानाशी धरला. कट-कट आवाज. "ताई, बोल्ट ढिल्ला झाला न्हाई ओ. नटानं सोडलाय." दुसऱ्या दिवशी कामावर गेजनं तपासलं. नो-गो गेज चांगल्या नटात आत जाता कामा नये, तो चारपैकी दोन नटांत शेवटपर्यंत गेला. म्हणजे आटे झिजले होते. प्रत्येक सहलीला फॉईल काढायचं, लावायचं, आटे वाळूनं भरलेले, आणि मी त्याच नटांत तेच बोल्ट पिळत आले. बोर्ड-फॉईल बनवणाऱ्या कंपनीनं सोबत दिलेल्या कागदावर 'बोल्ट तपासा' एवढंच होतं. नट कधी बदलायचे याचा शब्द नव्हता. मला त्याचा राग आहे. एवढासा पितळी तुकडा झिजतो हे त्यांना माहीत असणारच.

काकांनी तीन कामं केली.

पहिलं, नवे बोल्ट आणि नट. एम-८, स्टेनलेस ३१६. मी नेलेले जुने बोल्ट ३१६ च आहेत असं मी छातीठोक सांगत होते, कारण ते चुंबकाला चिकटत नव्हते. काका म्हणाले, "चुंबकानं ह्यातलं काय कळत न्हाई. ३०४ बी चिकटत न्हाई, ३१६ बी न्हाई." फरक मॉलिब्डेनमचा आहे. ३१६ मध्ये ते दोन ते तीन टक्के असतं आणि खाऱ्या पाण्याला तेच तोंड देतं. काकांकडं छोट्या बाटलीतलं मॉलिब्डेनम टेस्टिंगचं द्रावण आणि बॅटरी होती. माझ्या जुन्या बोल्टवर थेंब टाकून दाखवला, रंग काही आला नाही. त्यांच्या खणातल्या बोल्टवर आला. तुम्हाला द्रावण मिळालं नाही तर निदान डोक्यावरचा शिक्का वाचा : ए-२ म्हणजे ३०४ च्या जातीचं, ए-४ म्हणजे ३१६ च्या. शिक्काच नसेल तर ठेवून द्या.

दुसरं काम म्हणजे पाचवा नट, आणि मी या दुकानाला मानते ते यासाठी. चार बोल्ट प्लेट धरतात. काकांनी एक जादा नट काढला, त्यात बसणारा आयबोल्ट (डोक्याला भोक असलेला बोल्ट), खाली रुंद वॉशर. तो प्लेटच्या मागं ट्रॅकमध्ये स्वतंत्र आवळला जातो, प्लेटशी त्याचा संबंध नाही. आयबोल्टमधून चार मिलिमीटरची डायनिमाची, म्हणजे फार मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी, आणि तिचा फास मास्टभोवती, अगदी प्लेटच्या खाली. चालताना हे सगळं बोर्डालगत, पाण्याच्या वरच राहतं, त्यामुळं ओढ जाणवत नाही. चारही बोल्ट गेले तर मास्ट खाली जाते आणि तिची प्लेट फासाला अडते. फॉईल दोरीला लोंबकळतं, हरवत नाही.

मी हे उथळ पाण्यात करून बघितलं. कमरेएवढं पाणी, बोर्ड उभा धरला आणि एकेक करून चारही बोल्ट काढले. चौथा निघाला तशी प्लेट हलली, दोरीला एक झटका बसला, मास्ट सुळकन खाली गेली आणि वाळूच्या वर वीतभर थांबली. मी बोर्ड सोडून दिला. तो आडवा तरंगत राहिला, खाली फॉईल हळूहळू गोल फिरत होतं. बराच वेळ मी नुसती बघत होते. आदल्या वर्षी माझ्या पायाखालनं जे गेलं होतं ते समोर लटकत होतं. एक मात्र लक्षात ठेवा : लोंबकळणारा पंख धारदार असतो. असं खरंच झालं तर पाय दुमडून बोर्डावर पोटावर पडा, खाली हात घालून ओढू नका.

तिसरं काम तक्रारीतून झालं. पहिल्या आयबोल्टच्या भोकाची कड तीक्ष्ण होती. महिन्याभरात दोरीचे धागे पांढरे होऊन उभे राहिले. डायनिमा ओढायला स्टीलच्या तारेला भारी, पण कडेवर घासली की टिकत नाही. परत नेला तर काकांनी वाद घातला नाही. भोकाची कड दोन्ही बाजूंनी चॅम्फर केली, म्हणजे तिरकी तासली, पॉलिश पेपर मारला आणि करंगळी घालून फिरवून दाखवली. पैसे घेतले नाहीत. या दोरीला साधी गाठ मारू नका, ती निसटते. मी तिहेरी फिशरमन गाठ मारते आणि शेपट्या चार बोटं लांब सोडते.

वेळेच्या बाबतीत मात्र चिडायला झालं. चार दिवसांत देतो म्हणाले, अकरा दिवस लागले, आणि मधल्या दोन फेऱ्यांत काका चहाला गेलेले. घाई असेल तर इथं जाऊ नका. पैसे : चार बोल्ट-नट, आयबोल्ट, वॉशर मिळून ८९० रुपये. दोरी आणि ग्रीस वेगळं. मालवणला होडीला आणि बुडी मारणाऱ्या पोराला मी त्याच्या कितीतरी पट दिले, आणि आनंदानं दिले.

ग्रीसबद्दल. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, शेजारी कार्बन असेल तर आणखी. बोल्ट आतच जाम होतो आणि जोर लावला की मुंडी तुटते. म्हणून आट्यांना टेफ्लॉनचं मरीन ग्रीस, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यात सगळं सुटं करून धुणं. फोंड्याचा घाट चढून रात्री अकराला घरी आल्यावर हे नकोसं होतं. तरी मी बादली भरून गच्चीवर बसते. लॉकटाईट, म्हणजे आटे ढिले न होऊ देणारा गोंद, लावायचं मी काकांना सुचवलं होतं. त्यांनी नको म्हटलं, ट्रॅक प्लास्टिकचा आहे. ते बरोबर होतं. लॉकटाईटनं काही प्लास्टिकला तडे जातात.

पाण्यात उतरण्याआधी मी आता बोल्ट आवळते आणि दहा मिनिटं फिरून परत येऊन पुन्हा आवळते. पहिल्या दहा मिनिटांत प्लेट बोर्डावर बसते, मधली वाळूची कणी निघते, आणि पाव फेरी तरी हमखास ढिली सापडते. बरोबरची मंडळी थांबायला कंटाळतात. मी थांबवते.

बोर्डावर आणि विंगवर जाड मार्करनं फोन नंबर लिहून ठेवा. रिकामा बोर्ड वाहत किनाऱ्याला लागला तर बघणाऱ्याला माणूस बुडाला असंच वाटतं, लोक होड्या काढतात. नंबर असेल तर एका फोनमध्ये कळतं की तुम्ही सुखरूप आहात.

जाणार असाल तर बोर्डच घेऊन जा. नुसतं ड्रॉइंग किंवा मोबाईलवरचा फोटो काका बघत नाहीत. बहुतेक बोर्डांचे ट्रॅक एकमेकांपासून ९० मिलिमीटरवर असतात, पण आतल्या खोबणीची रुंदी कंपनीगणिक बदलते आणि नट तिच्यात बसवूनच काढावा लागतो. माझा बोर्ड टेम्पोतून नेला तेव्हा बोळातली पोरं गोळा झाली. काकांनी तो लेथशेजारी दोन पोत्यांवर पालथा ठेवला, ट्रॅकमध्ये बोट फिरवून तळाची वाळू काढली, तळहातावर घेऊन मला दाखवली आणि म्हणाले, "आधी हे धुऊन आणा."